ट्रामसाठी जलवाहिनी हलवताना : कामाच्या नोंदी

५ जानेवारी

काम थोडक्यात असं. रस्त्याच्या मधोमध ३०० मिमीची जुनी बिडाची जलवाहिनी आहे, शिसं ओतलेल्या सांध्यांची. तिच्या अंगाला १५० मिमीची वितरण वाहिनी आणि तिच्यावर घरांच्या नळजोडण्या. नेमक्या याच पट्ट्यात ट्रामचे दोन मार्ग येणार आहेत. दोन्ही वाहिन्या कडेला न्यायच्या आणि जिथे रस्ता ओलांडणं भागच आहे तिथे रुळांखालून काटकोनात काढायच्या. लांबी ६४० मीटर.

हलवायच्या कशासाठी, हे लोक विचारतात. रूळ काँक्रीटच्या सलग स्लॅबमध्ये बसतात. स्लॅब पडल्यावर खालचा एखादा सांधा गळला तर तिथे पोचायला ट्राम बंद करून स्लॅब फोडावा लागतो, आणि गळती वर दिसेपर्यंत पाण्याने खालची माती पोखरलेली असते. दुसरं कारण विजेचं. ट्रामचा डी.सी. प्रवाह, बहुतेक ठिकाणी ६०० ते ७५० व्होल्टचा, रुळांतून सबस्टेशनकडे परततो. त्यातला काही जमिनीत उतरतो, जवळचा धातूचा पाइप धरतो आणि जिथून बाहेर पडतो तिथलं लोखंड खातो. एक अँपिअर प्रवाह वर्षभर असा बाहेर पडत राहिला तर सुमारे ९ किलो लोखंड जातं. तेही पाइपभर सारखं जात नाही. जिथे लेप उखडलेला असेल तिथेच खात राहतो आणि भोक पाडतो.

म्हणून ठरलं ते असं : कडेची लांब धाव डी.आय. (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट बीड) पाइपची, रबरी सांध्यांची, वर पॉलिथीनची बाही. रबरी सांध्यामुळे प्रवाहाची वाट तुटते. रुळांखालची ओलांडणी पी.ई. (पॉलिथीन) पाइपची, तीही दुसऱ्या मोठ्या पी.ई. नळीच्या आतून. बाहेरची नळी पोलादी घ्यायची सूचना आली होती, ती नाकारली. विजेपासून वाचायला पाइप बदलायचा आणि भोवती पुन्हा पोलाद घालायचं, याला अर्थ नाही.

व्यासाकडे नीट बघा. ३०० मिमी डी.आय.च्या जागी ३१५ मिमीचा पी.ई. चालेल असं कागदावर वाटतं. पण पी.ई.चा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. एस.डी.आर. ११ मध्ये, म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट असतो त्या वर्गात, ३१५ च्या पाइपची भिंत २८.६ मिमी, म्हणजे आतून जेमतेम २५८ उरतात. वाट चौथ्या हिश्शाने कमी. आम्ही ३५५ मिमीचा घेतला, तो आतून २९० च्या थोडा वर भरतो.

१४ जानेवारी

चाचणी खड्डे. जुन्या नकाशात वाहिनी कडेच्या दगडापासून ४.२ मीटरवर दाखवली आहे. आमचे पहिले खड्डे त्या रेषेवर एकेक मीटरचे चौकोनी घेतले होते आणि पाइप सापडला नाही. कारण नंतर कळलं : मधल्या काळात रस्ता रुंद झाला, कडेचा दगड सरकला, नकाशातला आकडा तसाच राहिला.

त्यानंतर चौकोनी खड्डे बंद केले आणि रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत अरुंद चर घेतले, अर्ध्या रस्त्यात एकदा आणि उरलेल्या अर्ध्यात एकदा. वाहतुकीला त्रास होतो, परवानगीला वेळ जातो, तरी हेच करा. एका आडव्या चरात रस्त्याखालचं सगळं एका ओळीत दिसतं. आम्हाला दिसलं ते : वाहिनी नकाशातल्या रेषेपासून ०.८ मीटर दूर, तिच्या डोक्यावर टेलिफोनच्या नळ्यांचा काँक्रीटमधला गठ्ठा, आणि कोणत्याही कागदावर नसलेली एक विटांची गटार.

जमिनीत लहरी सोडून शोधणारं यंत्रही फिरवलं. कोरड्या मुरमात ठीक चाललं. ओल्या चिकणमातीत लहरी लवकर मरतात, तिथे पडद्यावर नुसती राखाडी पट्टी. त्याचा उपयोग चर कुठे घ्यायचे ते ठरवण्यापुरता. त्याच्या रेषेवरून पाइप मागवू नका.

खाली काय निघेल याचा भरवसा नसतो. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत ट्रामसाठी वाहिन्या हलवण्याच्या कामात २००९ साली लिथ भागातल्या कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटखाली जुनी दफनभूमी लागली, शेकडो सांगाडे निघाले. शहरातला पहिला टप्पा ३१ मे २०१४ ला सुरू झाला. त्या रस्त्यावरून ट्राम धावायला मात्र जून २०२३ उजाडला. उशिराला इतरही मोठी कारणं होती, पण जमिनीखालच्या कामांचा वाटा त्यात मोठा होता हे सर्वज्ञात आहे.

१९ जानेवारी

नकाशावर ‘बंद’ लिहिलेला १०० मिमीचा एक पाइप नव्या चराच्या आड येत होता. कापायला करवत लावण्याआधी मुकादमाने फेरूलच्या (घराची नळी वाहिनीला जोडणाऱ्या तोटीच्या) ड्रिलने बारीक भोक पाडलं. पाण्याची धार चराच्या भिंतीवर आदळली. लाकडी खुंटी ठोकून, वर क्लॅम्प आवळून वेळ निभावली.

तेव्हापासून नियम : कागद काहीही म्हणो, प्रत्येक पाइप जिवंत समजायचा. आधी भोक, मग करवत. क्लॅम्प हाताशी असल्याशिवाय भोकही नाही.

२ फेब्रुवारी

टाकणी सुरू. यावर लिहिण्यासारखं फार नाही, पाइप टाकणं हा कामाचा सोपा भाग आहे. खाली वाळूची गादी, रबरी रिंग पुसून बसवायची, वंगण लावायचं, पाइपवरची खूण सॉकेटात पुरी जाईपर्यंत ओढायचा. बाही बहुतेक वेळा पट्ट्याने पाइप उचलताना फाटते. फाटली तर लगेच टेप. चर बुजल्यावर ती कोणालाच दिसणार नाही आणि विजेला तेवढीच जागा पुरते.

भिंतींना आधार दिल्याशिवाय चरात माणूस उतरवायचा नाही. टेलिफोनच्या गठ्ठ्याजवळ आधाराच्या पाट्या बसेनात, तिथे हाताने खोदलं. दिवसाला ठरलेल्या लांबीच्या निम्मीही झाली नाही.

११ फेब्रुवारी

टाकलेली सुमारे ४० मीटर लांबी उखडावी लागली. या नोंदींतलं दुसरं काही वाचलं नाही तरी एवढं वाचा.

आमच्याकडे आलेल्या नकाशावर ट्रामचा पट्टा आखलेला होता : स्लॅबची कड आणि तिच्याबाहेर खोदाईला लागणारी जागा. आमची लाइन त्याच्या बाहेर होती. पण ट्राम म्हणजे एकटा स्लॅब नसतो. वरच्या तारांचे खांब असतात आणि खांबांचे पाये खोल जातात. थांब्याचे फलाट असतात, केबलच्या नळ्या आणि त्यांची चेंबर असतात, स्लॅबचं पाणी काढणारी गटारं असतात. खांबांच्या जागा तोवर पक्क्या झालेल्या नव्हत्या. त्या पक्क्या झाल्या तेव्हा दोन पाये सरळ आमच्या नव्या पाइपवर आले.

खांब हलवा म्हटलं तर तारेच्या ताणाचा हिशेब बदलतो. शेवटी पाइप सरकला. पाइप पुन्हा वापरता आले, रिंगा मात्र नव्या. उखडण्याचे कष्ट, दुसऱ्यांदा भराव, दुसऱ्यांदा डांबर असा खर्च चारी बाजूंनी आला.

ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी खांब, फलाट, केबल, गटार यांचे आराखडे एकावर एक ठेवून, सगळ्यांच्या सह्या असलेली एकच प्रत हातात येईपर्यंत चर मारू नये. वरून घाई कितीही असो. वळवलेली लाइन पुन्हा वळवणं हे या कामातलं सगळ्यात महाग काम आहे.

१८ फेब्रुवारी

दाबचाचणी. एका ४५ अंशांच्या बेंडजवळचा, म्हणजे वळणाच्या तुकड्याजवळचा, सांधा सुटला.

बेंडवर पाणी सरळ जायला बघतं आणि बेंडला बाहेर ढकलतं. ३०० मिमी डी.आय.चा बाहेरचा व्यास ३२६ मिमी. १० बार दाबाला बंद टोकावर साडेआठ टन, ९० अंशांच्या बेंडवर सुमारे १२ टन आणि ४५ च्या बेंडवर साडेसहा टन जोर येतो. त्यासाठी मागे काँक्रीटचा ठोकळा असतो. आमचा ठोकळा हिशेबाप्रमाणे होता आणि पुरेसा मुरलेलाही होता. पण ठोकळा स्वतःच्या वजनावर उभा नसतो, तो मागच्या न हललेल्या मातीला टेकलेला असतो. ती माती केबलवाल्यांच्या टोळीने आदल्या आठवड्यात खोदून सैल भरली होती. ठोकळा बोटभर मागे गेला आणि तेवढ्याने रिंग बाहेर आली.

गजबजलेल्या रस्त्यात मागची माती कोण कधी खोदेल हे तुमच्या हातात नाही. त्यामुळे इथून पुढच्या सगळ्या बेंडांना, टींना (तीन तोंडांच्या जोडांना) आणि दोन्ही अंगांच्या काही पाइपांना अडकणारे, न सुटणारे सांधे घेतले. जोर मग पाइपच्या लांबीवर पसरून मातीच्या घर्षणात जातो. सांधे महाग पडतात, यायलाही वेळ लागतो. तरी हे सुरुवातीपासून घ्यायला हवे होते असं माझं स्पष्ट मत आहे.

२५ फेब्रुवारी

ओलांडणीचा पी.ई. पाइप. जमिनीवर वेल्ड करून ३० मीटरची सलग काठी केली आणि बाहेरच्या नळीतून ओढली.

वेल्डला धूळ आणि वारा चालत नाही. तापलेली प्लेट सव्वादोनशे अंशांच्या आसपास असते, वाऱ्याने तिची एक बाजू थंड पडते आणि वितळून बाहेर आलेली कडा एका अंगाला बारीक होते. असे सांधे कापून टाकले. तंबू उभारल्यावर हा प्रकार थांबला. प्रत्येक सांध्याची बाहेरची कडा सोलून काढायची आणि उलटी वाकवून बघायची. चीर उघडली तर आत घाण आहे, सांधा बाद.

उन्हाचं लक्षात ठेवा. पी.ई. उष्णतेने फार वाढतो. ३० मीटरची काठी २० अंशांनी निवली की सुमारे १० सेंटिमीटर आखडते. दुपारी ओढून लगेच बोल्ट आवळले असते तर रात्री त्याने स्वतःला दोन्ही टोकांनी ओढून धरलं असतं. ओढून रात्रभर तसाच ठेवला, सकाळी टोकं कापून जोडली.

चाचणीत दाब पडत गेला आणि सगळे गळती शोधायला धावले. गळती नव्हती. पी.ई. दाबाखाली हळूहळू फुगतो, म्हणून लोखंडी पाइपचे निकष त्याला लावता येत नाहीत. फुगायला वेळ दिला, मग थोडं पाणी सोडून दाब झटकन उतरवला आणि काट्यावर नजर ठेवली. काटा किंचित वर सरकून थांबला. पाइप आखडतोय आणि पाणी कुठे जात नाही, याचा तो पुरावा.

पाणी बंद करायच्या चाव्या (व्हॉल्व्ह) ओलांडणीच्या दोन्ही टोकांना, ट्रामच्या पट्ट्याच्या बाहेर. चेंबर रुळांमध्ये आलं तर झाकण उघडायलासुद्धा ट्राम थांबवावी लागेल.

८ मार्च

धुणं आणि निर्जंतुक करणं. नव्या पाइपमधली माती वाहून न्यायला सेकंदाला ०.९ मीटरच्या आसपास वेग लागतो. ३०० मिमीत त्याचे सेकंदाला ६४ लिटर होतात, तासाला सव्वादोन लाख लिटरच्या वर. वॉशआउट, म्हणजे पाइप रिकामा करायचं तोंड, ज्या पावसाळी गटारात काढला होता ती एवढं घेईना, चेंबरमधून पाणी रस्त्यावर आलं. मग फोमचा बोळा घालून पाइप पुसून काढला, त्याला बरंच कमी पाणी पुरतं. पहिल्या बोळ्यासोबत वाळू, रबराचे तुकडे आणि कुणाचा तरी हातमोजा बाहेर आला.

क्लोरिनची मात्रा लिटरला २५ मिलिग्रॅम. ६४० मीटरमध्ये ४५ घनमीटर पाणी मावतं, त्याला १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट साधारण ११ लिटर लागलं. ते एकाच जागी ओतायचं नाही, पाइप हळूहळू भरताना पंपाने सोडत राहायचं. २४ तासांनी टोकाला लिटरमागे किमान १० मिलिग्रॅम उरलं पाहिजे. बाहेर सोडण्याआधी सोडियम थायोसल्फेटने ते मारायचं, तसंच गटारात सोडलं तर पुढे जिथे जाईल तिथले मासे मरतील.

नमुना नापास झाला. मुख्य लाइन स्वच्छ होती, पण एका हायड्रंटच्या (रस्त्यावर पाणी काढायच्या तोंडाच्या) टीमधून पाणी कधी खेळवलंच नव्हतं. त्या दीड मीटरच्या आंधळ्या तुकड्यात जुनं पाणी बसून होतं. सगळी लाइन पुन्हा धुतली, पुन्हा क्लोरिन, पुन्हा जंतूंची वाढ होते का हे बघायची वाट. प्रयोगशाळेला घाई करता येत नाही. लाइनवर जेवढी तोंडं आहेत त्यांची यादी करा आणि प्रत्येकातून क्लोरिनचा वास येईपर्यंत पाणी काढा.

२० मार्च

जुनी लाइन तोडून नवी जोडायची रात्र. काम झालं नाही.

तोडायच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंच्या चाव्या बंद केल्या, मधल्या वॉशआउटने पाणी उतरवायला घेतलं. ते उतरेना. मध्यरात्र उलटली तरी भोकातून धार एकसारखी. वस्तीला दिलेली पाणीबंदीची वेळ संपत चाललेली, पंप चरातलं पाणी उपसतोय, फिटर दोन पाइप जोडणारे कॉलर हातात धरून उभे.

सगळ्यांना वाटलं, जुनी चावी आहे, गेटखाली, म्हणजे आतल्या पाणी अडवणाऱ्या पडद्याखाली, गाळ बसला असेल, पास होत असेल, म्हणजे बंद असूनही पाणी सोडत असेल. भागाचे चावीवाले काका आले. त्यांनी लांब किल्ली स्पिंडलवर, म्हणजे चावीच्या फिरणाऱ्या दांड्यावर, ठेवली आणि तिच्या टोकाला कान लावला. गेट पास होत असेल तर लोखंडातून चिरकी शीळ येते. काकांनी कान काढला आणि म्हणाले, “साहेब, ही पास होत नाहीये. ही सताड उघडी आहे.”

“काका, आत्ता तुमच्यासमोर बंद केली ना?”

“फिरवली. बंद झाली असं कोण म्हणालं? ही उलट्या आट्याची आहे.”

जुन्या काळी दोन्ही तऱ्हेच्या चाव्या आल्या होत्या. बहुतेक घड्याळाच्या दिशेने बंद होतात, काही उलट. ही दुसऱ्या तऱ्हेची. वरवरचं कारण मिळालं, पण खरं गांभीर्य वेगळंच होतं. आम्ही तिला ‘बंद’ करायला जितके फेरे दिले ते सगळे तिने घेतले, म्हणजे आम्ही यायच्या आधी ती बंद होती. कधीतरी कोणीतरी तिला ‘उघडी’ करायला गेला आणि बंद करून आला, आणि ती तशीच राहिली. हा भाग दोन बाजूंनी पाणी घेतो असं नोंदीत आहे. प्रत्यक्षात तो एकाच बाजूने जगत होता. आम्ही तिला उघडल्यावर कित्येक वर्षं थिजलेल्या पाइपमधून पाणी उलट्या दिशेने धावलं आणि आतला गंज सुटला. सकाळी शेजारच्या गल्ल्यांत लाल पाणी आलं. घरोघरी सांगावं लागलं, हायड्रंट उघडून पाणी स्वच्छ होईपर्यंत सोडावं लागलं. लोकांचा राग रास्त होता.

त्या रात्रीची मजुरी, पंप, टँकर आणि पाणीबंदीची सूचना सगळं फुकट गेलं. पुढची वेळ मिळायला आठवडा लागला, तोवर रूळवाल्यांची टोळी पुढचा तुकडा सोडून दुसरीकडे गेली.

२३ मार्च

सगळ्या चाव्यांची तपासणी. ही पाइप मागवण्याच्याही आधी व्हायला हवी.

प्रत्येक चावी हळू बंद करायची, फेरे मोजायचे. ढोबळ हिशेब असा : व्यास इंचांत, गुणिले तीन, अधिक दोन-तीन. १२ इंचांच्या चावीला ३८-३९ फेरे. वीसच फेऱ्यांत अडकली तर गाळ आहे किंवा ती आधीच अर्धी बंद आहे. साठ फेरे देऊनही थांबत नसेल तर स्पिंडल तुटलंय, गेट जागेवरच आहे. मग किल्लीला कान. मग पुढच्या हायड्रंटवर दाब बघायचा. झाकणाच्या आत रंगाने बाण आणि फेऱ्यांचा आकडा लिहून ठेवला. या हद्दीतल्या दोन चाव्या दुरुस्तीपलीकडच्या निघाल्या, त्यासाठी पाणीबंदीची हद्द एक चौक पुढे न्यावी लागली.

त्याच खेपेला जुन्या पाइपचा घेर फितीने मोजला. १,०८५ मिमी, म्हणजे व्यास ३४५. नव्या डी.आय.चा ३२६. एकाच मापाचे म्हणून मागवलेले कॉलर चढले नसते. इंचाच्या मापातले जुने पाइप वेगवेगळ्या जाडीचे येत आणि साच्यातून गोलही नीट उतरत नसत. जिथे कापायचं तिथेच, गंज घासून, घेर मोजायचा आणि मोठ्या पल्ल्याचे कॉलर मागवायचे.

२७ मार्च

जोडकाम झालं. पाणी पूर्ण उतरलं. जुना तुकडा कापून उचलला तेव्हा आतला गंजाचा थर दिसला, गाठीगाठींचा, ३०० मिमीच्या पाइपमध्ये हात सरळ घालता येईना इतका. कॉलर बसले. चावी एका फेऱ्याला थांबत थांबत उघडली, हवा हायड्रंटवरून काढली. घाईने उघडलं तर अडकलेली हवा आणि धावतं पाणी मिळून जो दणका बसतो तो जुन्या शिशाच्या सांध्यांना सोसत नाही.

१६ एप्रिल

नळजोडण्या नव्या वाहिनीवर घेणं चालू आहे. काम बारीक आणि चिवट. एका जोडणीवर दोन घरं निघतात, एका घराला दोन जोडण्या निघतात. पटापट तोडण्यात अर्थ नाही. जुनं फेरूल बंद करायचं, आसपासच्या सगळ्या घरांत जाऊन कोणाचा नळ गेला ते बघायचं, मग नवं जोडायचं.

एका ठिकाणी धातूचा पाइप कापताना फिटरच्या हाताला झिणझिण्या आल्या. घराचं अर्थिंग पाण्याच्या पाइपला बांधलेलं होतं. जुन्या घरांत हे असतं. पाइप कापला की अर्थ तुटतो, आणि त्या घरात कुठे वीज गळत असेल तर ती कापणाऱ्याच्या अंगातून वाट काढते. तेव्हापासून कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना जाड केबलचा जोड आधी बांधतो आणि करवत नंतर लावतो. जिथे प्लास्टिकची नवी नळी गेली त्या घरांना स्वतंत्र अर्थिंग झाल्याशिवाय जुना पाइप सोडायचा नाही. यात आमचा वेळ दुप्पट झाला. तो व्हायलाच हवा होता.

२ मे

मेलेली जुनी लाइन स्लॅबखाली पोकळ ठेवायची नाही. बीड गंजून कोसळलं तर वरचा आधार जाईल, आणि तोवर ती पोकळी पाण्याची वाट बनेल. म्हणून फेसाळ काँक्रीट भरलं.

हिशेब सोपा : १२ इंची पाइपला दर १०० मीटरला ७.३ घनमीटर. गंजामुळे थोडं कमीच जायला हवं. तिसऱ्या तुकड्यात आकडा साडेसातच्या पुढे गेला आणि पलीकडच्या टोकाला काही दिसेना. पंप थांबवला. पंपवाला म्हणत होता, अजून थोडं मारू, येईल. थांबवलं हे बरं झालं. चर घेतल्यावर ८० मिमीची एक शाखा निघाली, कोणत्याच नकाशात नसलेली, एका इमारतीच्या मागच्या अंगाला जाणारी. त्या इमारतीची पुढची जोडणी आम्ही नव्या लाइनवर घेतली होती, ही कोणाला माहीत नव्हती. मागच्या टाकीत पाणी येत नाही ही तक्रार आदल्याच दिवशी आली होती, पण टाकीचा फ्लोट अडकला असेल म्हणून बाजूला राहिली होती. शाखेतलं काँक्रीट घट्ट व्हायच्या आत बराचसा तुकडा कापून काढला, उरलेला बदलला. इमारतीला टँकर दिला.

भरणी करताना दर तुकड्याचा आकडा आधी काढून पंपावर चिकटवा. जुन्या लाइनवर अनोळखी तोंड असल्याचं तिथेच पहिल्यांदा कळतं.

१० मे

प्रत्यक्ष टाकल्याचा नकाशा पुरा केला. या वेळी कडेच्या दगडापासूनचं अंतर लिहिलेलं नाही. प्रत्येक बेंड, टी, चावी आणि ओलांडणीचं टोक यंत्राने घेतलेल्या सहनिर्देशांकांत आहे. पाइपच्या डोक्याची उंची रस्त्यापासून मोजलेली नाही, पक्क्या खुणेच्या पातळीवरून घेतली आहे, कारण ट्रामसाठी रस्त्याचा पृष्ठभागही बदलणार. चर उघडा असतानाच मोजलं, फीत ठेवून फोटो काढले. पी.ई.वर शोधयंत्राला सापडणारी तार टाकली असून तिची दोन्ही टोकं चाव्यांच्या चेंबरमध्ये काढली आहेत.

रुळांचा पट्टा स्लॅबवाल्यांच्या ताब्यात दिला. आमच्याकडे उरलेलं : उलट्या आट्याची चावी बदलणं (नवी मागवली आहे), ओलांडणीच्या दोन्ही बाजूंना गळतीचा आवाज टिपणारी यंत्रं बसवणं, आणि स्लॅब पडण्याआधी ओलांडणीची एक शेवटची दाबचाचणी, कारण नंतर तिथे पोचता येणार नाही. चाचणीची तारीख स्लॅबवाल्यांकडून लेखी घेतली आहे.